मदत हवी आहे: जर्सी सिटी डाउनटाउनमध्ये टॉवरमधला कॉन्डो घ्यावा का?

मंडळी, सध्या एडिसनला भाड्याने राहतोय. सकाळी गाडीने स्टेशन, मग ट्रेन, नेवार्कला उतरून पाथ (मॅनहॅटनला जाणारी लोकल ट्रेन), आणि संध्याकाळी घरी येईस्तोवर मुलगी झोपलेली असते, म्हणून जर्सी सिटी डाउनटाउनला बघायला लागलो. ग्रोव्ह स्ट्रीट स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर एका टॉवरमध्ये टू बेडरूम बघितलाय, वरचा मजला, समोर हडसन, पलीकडे मॅनहॅटन, खाली डोअरमन, जिम, पूल. बायको तर मनाने राहायलाही गेली तिथे, पण आकडे बघून माझ्या पोटात गोळा आलाय.

मेंटेनन्स महिना साडेअकराशे डॉलर, पार्किंग वेगळं. टॅक्सचं विचारलं की एजंट म्हणतो "पायलट आहे, टॅक्स कमी" आणि लगेच व्ह्यू दाखवायला लागतो. हा पायलट काय प्रकार आहे, संपला की काय होतं? आणि दुसरं, सासू-सासरे दर उन्हाळ्यात येतात, रोज पोळ्या-फोडण्या, आणि किचनमधला हूड हवा बाहेर टाकतच नाही, फिल्टरमधून फिरवून परत आपल्याच तोंडावर सोडतो. राहणाऱ्यांनी प्लीज खरं काय ते सांगा.

हडसनकाठी:
पायलट (PILOT, payment in lieu of taxes) म्हणजे नेहमीच्या प्रॉपर्टी टॅक्सऐवजी शहराला ठरलेली रक्कम भरायची. इथे आधी रेल्वेची यार्डं, कोलगेटचा कारखाना वगैरे होतं, ते बंद पडल्यावर बिल्डरनी यावं म्हणून दिलेली सवलत. थोडक्यात आपलं लोअर परळ, गिरण्या गेल्या टॉवर आले. मुदत जास्तीत जास्त 30 वर्षं, पण सवलत शेवटपर्यंत तेवढीच राहत नाही, नंतरच्या वर्षांत भरायची रक्कम टप्प्याटप्प्याने नेहमीच्या टॅक्सच्या किमान 20, 40, 60, 80 टक्के अशी वाढत जाते. त्यामुळे "पायलट आहे का" हे विचारू नका, "किती वर्षं उरलीत आणि आत्ता कुठला टप्पा" ते विचारा. बिल्डिंग 2007 च्या आसपासची असेल तर "टॅक्स कमी" हे फार दिवसांचं सुख नाही.

चौदावा मजला:
हूडचं: फिल्टर वेळेवर बदला, फोडणी टाकताना खिडकी उघडा आणि मेन दार चुकूनही उघडू नका. आमच्याकडे आईने मिरच्या तळताना धूर झाला म्हणून दार उघडलं आणि कॉरिडॉरमधला अलार्म वाजला, तेव्हापासून डोअरमन आईला नावाने ओळखतो 😄

पण यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे रिझर्व्ह फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी बाजूला टाकलेले पैसे. फ्लोरिडात सर्फसाइडची बिल्डिंग 2021 मध्ये पडली, 98 माणसं गेली, त्यानंतर न्यू जर्सीने 2024 च्या जानेवारीत कायदा केला, आता फ्लॅटमालकांच्या असोसिएशनला स्ट्रक्चरची तपासणी आणि रिझर्व्ह स्टडी (पुढच्या दुरुस्त्यांना फंडात किती पैसे लागतील याचा हिशोब) करावीच लागते. ज्यांनी वर्षानुवर्षं मेंटेनन्स कमी ठेवून फंडात काही टाकलंच नाही ते आता स्पेशल असेसमेंट, म्हणजे मेंटेनन्सशिवाय वरची जादा वर्गणी, लावतायत. आमच्याकडे बाहेरच्या भिंतीच्या कामासाठी लावली, ऐन दिवाळीत नोटीस. साडेअकराशेतले रिझर्व्हला किती जातात ते बघा, मेंटेनन्स स्वस्त दिसला तर उलट जास्त घाबरा.

हडसनकाठी:
+1. अजून एक, 2012 च्या सँडी वादळात डाउनटाउनमध्ये पाणी शिरलं होतं. वरच्या मजल्यावर पाणी येणार नाही हो, पण इलेक्ट्रिकल रूम बेसमेंटमध्ये असेल तर लिफ्ट बंद, आणि मग सासऱ्यांना घेऊन तीस मजले उतरा. जनरेटर कुठल्या मजल्यावर आहे हे व्ह्यू बघायच्या आधी विचारायचं.

धागाकर्ता:
बापरे, यातलं एकही डोक्यात नव्हतं. आज एजंटला रिझर्व्ह स्टडी आणि बोर्डाच्या मीटिंगचे मिनिट्स मागितले तर म्हणाला ऑफर टाकल्याशिवाय मिळत नाहीत. खरं का हे?

चौदावा मजला:
बऱ्याचदा तसंच असतं. ऑफर टाका, सह्या झाल्या की तीन कामकाजाचे दिवस अटर्नी रिव्ह्यू (वकिलाने करार तपासायची मुदत) असतो, त्यात तुमच्या वकिलाला सगळे कागद मागवायला लावा, नाही पटलं तर तो तिथेच कॅन्सल करू शकतो. फक्त वकील आधीच ठरवून ठेवा आणि एजंटने सुचवलेला घेऊ नका.