रविवारी ११ वाजता हॉलमध्ये फोन शिकू

ए-१०४: नमस्कार मंडळी. नोव्हेंबर तोंडावर आला. हयातीच्या दाखल्यासाठी यंदा बँकेत उभं राहायचं नाही, फोनवरूनच करू. रविवारी खालच्या हॉलमध्ये मी आणि माझी मुलगी बसतो.

बी-२०३: भाऊ, चेहऱ्यानं होते म्हणतात, खरं का? माझे बोटाचे ठसे मशीन घेतच नाही.

ए-१०४: हो काकू, होते. ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्यायची. आधी ऑपरेटरचा, म्हणजे दाखला काढून देणाऱ्याचा चेहरा मागते, तिथंच सगळे अडतात. ऑपरेटर तुम्ही स्वतःही होऊ शकता. उजेड समोरून घ्या, पापणी मिटून उघडा. प्रमाण आयडीचा मेसेज आला की झालं. आधार, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा नंबर) आणि पासबुक आणा. केंद्राचे ८० वर्षांवरचे पेन्शनर १ ऑक्टोबरपासूनच करू शकतात.

सी-४०१: माझी नात फोन हातातून घेते अन् करून देते. काम होते जी, पण मला काही येत नाही.

ए-१०४: काका, म्हणूनच रविवारी शिकवणाऱ्यानं फोनला हात लावायचा नाही. बोट तुमचंच. कितीही वेळ लागू द्या. आणि कोणी पिन टाकत असेल तर आम्ही मान वळवू.

बी-५०२: “आज रात्री लाइन कापणार, या नंबरवर फोन करा” असा मेसेज आईला आला. ती घाबरली बिचारी.

ए-१०४: फोन करू नका, लिंक उघडू नका. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या अ‍ॅपवर थकबाकी पाहायची, हेही करून पाहू. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तर सगळ्यांनी पाठच करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

सी-१०२: वॉचमन भाऊ आणि कामाच्या ताईंनाही बोलवायचं का?

बी-३०१: हॉल मेंबरांसाठी आहे नं पण?

सी-१०२: त्यांचा पगार आपण फोनवरच टाकतो. तो आला की नाही, हे दुसऱ्याला विचारावं लागते त्यांना. मला ते बरं वाटत नाही.

बी-३०१: बरोबर आहे तुमचं. बोलवा.

सचिव: हॉल १० वाजता उघडतो. ताईंना रविवारी सकाळी कामं असतात, त्यांच्यासाठी दुपारी ३ ला वेगळं बसू. एक्स्टेन्शन बोर्ड कोणाकडे आहे?

बी-२०३: माझ्याकडे आहे. आणते.