प्रवासातलं आदरातिथ्य: देणाऱ्याचा मान कसा राखलात?

अनोळखी माणसांनी जेवू घातलं, ठेवून घेतलं, पैसे नाकारले, असं आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला आलेलं असतं. पण ते घ्यावं कसं, यावर फारसं बोलणं होत नाही. तुम्ही काय पाहिलंत ते जरूर लिहा.

सुरुवात मीच करतो. नर्मदा परिक्रमेत शूलपाणीच्या झाडीतल्या, म्हणजे नर्मदाकाठच्या जंगलातल्या, एका भिल्ल पाड्यावर संध्याकाळी पोचलो. "नर्मदे हर" म्हटलं, लगेच खाट टाकली गेली. कोण, कुठले, काही विचारणं नाही. बाई चुलीवर मक्याच्या रोट्या टाकत होती आणि मुलं कडेला गप्प बसून होती. आधी परिक्रमावासी, मग घरचे. पिठाचा डबा तळाला गेलेला मला दिसत होता. सकाळी सोबतच्या एकाने शंभराची नोट पुढे केली. घरधन्याने हात मागे घेतला. "मैयाचं आहे," एवढंच म्हणाला. त्या नोटेने त्याचं घर खानावळ झालं असतं, असं मला आजही वाटतं. मैयाचा प्रसाद म्हणून मुलांच्या ओंजळीत गूळ-शेंगदाणे घातले, ते मात्र आनंदाने घेतले.

* * *

इराणमध्ये वेगळीच तऱ्हा. यझदला टॅक्सीवाल्याला किती झाले विचारलं, तर "काबिल नदारे", म्हणजे राहू द्या. तिथे आभार मानून उतरायचं नसतं. दोन-तीनदा आग्रह करायचा, मग तो नीट पूर्ण भाडं घेतो. आमच्या आजोळी "जेवूनच जा", "नको, घरी स्वयंपाक झालाय" हे असंच चालायचं. एका चहावाल्याने मात्र तिसऱ्यांदाही पैसे परत सरकवले. मग मी जास्त ताणलं नाही.

* * *

जपानमध्ये टिप ठेवू नका. ओसाकाला टेबलावरची नाणी घेऊन वाढणारी मुलगी रस्त्यापर्यंत धावत आली, आमचीच विसरली असं समजून. र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या निवासात, कुणाला खास काही द्यायचंच असेल तर छोट्या पाकिटात घालून देतात, आपल्या आहेरासारखं.

* * *

मी नेदरलँड्सला राहते. "डच लोक एक बिस्कीट देऊन डबा बंद करतात" हे आपल्या मंडळींत सारखं ऐकू येतं आणि मला ते खटकतं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्या बाई डायरी घेऊन आल्या. मुलाला कुठल्या वारी शाळेत सोडू? मंगळवार, गुरुवार लिहून घेतले आणि बरी होईपर्यंत एकही वार चुकवला नाही. इथे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगायची पद्धत आहे. त्यांच्याकडच्या कॅलेंडरवर जूनमध्ये माझं नाव दिसलं. न कळवता जाऊन पिठलंभात खायची सोय इथे नाही, हे खरं. पण याला कोरडेपणा म्हणायला मी तयार नाही.

* * *

पाड्यावरचा अनुभव वाचला. परिक्रमा हे व्रत आहे, तिथे ते शोभतं. ट्रेकर्सनी त्याचा दाखला देऊन फुकट राहू नये. लडाखला मारखा खोऱ्यात होमस्टेचे दर ठरलेले असतात, जेवण त्यातच. तरी आमच्यातल्या एकाने घासाघीस केलीच. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, त्याचा लोणीचहाचा कप भरत राहिल्या. बाकीच्यांनी वरचे पैसे भरले.

धागाकर्त्यांना एक विचारायचं होतं: झाडीत आता आश्रमांमधून सदावर्त मिळतं, की मुक्काम पाड्यांवरच करावा लागतो? दिवाळीनंतर आई-बाबा निघणार आहेत.