धागा: गाडीखालची हिरवी ओल (घरी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बदलणाऱ्यांनो, किस्से टाका)

रंकाळ्याचा_वारा
सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर शेजारच्या काकांच्या गाडीखाली ओल. काका म्हणाले, "एसीचं पाणी असंल." म्हटलं काका, एसीचं पाणी हिरवं कुठं असतंय? बोटाला लावून बघितलं, चिकट.

आमची जुनी गाडी आठवली. वडलांनी अंगणातच कूलंट बदललेलं. डिस्टिल्ड वॉटर आणून निम्मं-निम्मं, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी टाकीतली पातळी मिनिममच्या खाली, आणि फरशीवर थेंब नाही! सगळं खालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर साठत होतं. टॉर्च मारल्यावर खालच्या होजच्या (रबरी नळीच्या) टोकाला हिरवट-पांढरी पापडी दिसली. रबरावर क्लिपची जुनी खाच होती आणि क्लिप तिच्यापासून दोन सूत बाजूला बसलेली. पकडीनं सरकवून खाचेत बसवली, विषय संपला.

उद्यमनगरी
घरी काम केल्यावर गळाय लागलं तर आधी जिथं हात लागलाय तिथं बघायचं. होज, ड्रेन कॉक (पाणी काढायची तोटी), थर्मोस्टॅटची (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) ओरिंग, म्हणजे रबरी कडी. ड्रेन कॉक बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचा असतोय, लोक पान्यानं आवळतात आणि आटे घालवतात. हातानं आवळा की! आणि इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका बाबांनो. आत प्रेशर असतंय, पाणी शंभर अंशाच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की सगळं तोंडावर.

घाटवाट
आमचं करूळ घाटात. थर्मोस्टॅट भावानं घरी बदललेला. तापमानाचा काटा वर चढतोय आणि हीटर लावला तर गार वारा! गळती नव्हतीच, आत हवा अडकलेली. गाडी थंड होईपर्यंत बसलो, मग झाकण काढून इंजिन चालू, हीटर फुल गरम, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओतत राहिलो. तोवर माकडांनी चिवडा नेला.

तिखट_चटणी
कसला चिवडा?

घाटवाट
मक्याचा. मावशीनं दिलेला. जखमेवर मीठ चोळू नका.

शाहूपुरीची_सून
ट्रकवाले टाकतात म्हणून आमच्या ह्यांनी रेडिएटरमध्ये हळद टाकली. गळती थांबली खरी, पण हीटर पण थांबला, नळ्या बुजल्या. सांगलीची चांगली हळद होती हो!! कुकर लावलाय, नंतर लिहिते.

रंकाळ्याचा_वारा
😂😂 हळदीला श्रद्धांजली.
काकांचं अपडेट: होज कोरडा ठाक. कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या खालच्या बारक्या छिद्रातनं ओल येत्या. रविवारी त्यांनी स्वतः बेल्ट बदललेला.

उद्यमनगरी
मग पंपाचं सील गेलंय. ते छिद्र त्यासाठीच ठेवलेलं असतंय, सील गेलं की पाणी बाहेर दिसावं. बेल्ट लई ताणला की पंपाच्या बेअरिंगवर लोड येतोय, तेपण बघा. छिद्र बुजवू नका, पंप बदला.

रंकाळ्याचा_वारा
एम-सील लावून झालंय भावा.

उद्यमनगरी
🙏

पेठेतली_पोरगी
विषय वेगळा आहे पण सांगते. सांडलेलं कूलंट लगेच भरपूर पाण्यानं धुवा. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी किडन्या जातात. आमच्या गल्लीतली काळू तशीच गेली. नंतर कळलं.

तिखट_चटणी
अरेरे. हे माहीत नव्हतं. आमचं मांजर गाडीखालीच झोपतंय, आत्ता बघून येतो.

कावळा_नाका
बोअरचं पाणी घातलं तर चालतंय का?

घाटवाट
अडकलास तर घरापर्यंत यायला चालतंय. नंतर काढून टाक, क्षार बसतात आत.

मोपेडवाला
आमच्या मोपेडला रेडिएटरच नाही. निवांत.

कावळा_नाका
कुणाकडं क्लिपची पक्कड आहे का? रविवारी पाहिजे.

उद्यमनगरी
आहे. पण मागल्या वेळी नेलेला दहाचा पाना आधी आणून दे.

कावळा_नाका
तो तुझा होता व्हय?