उतारावर सायकल घसरते, काय चुकतंय?

घोडबंदरचा_नवखा: मंडळी, महिन्यापूर्वी एमटीबी (माउंटन बाईक, डोंगरवाटांची सायकल) घेतली, रस्त्यावर मस्त चालते पण रविवारी येऊरच्या बाजूला खडीच्या उतारावर पुढचं चाक सटकलं आणि थेट आडवा, गुडघा सोलला. ब्रेक तर मारला होता की! सीटवर घट्ट बसूनच होतो. नक्की काय चुकलं?

चढउतार: घट्ट बसलास तिथेच गंडलं 😄 उतार लागला की सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल एका लेव्हलला, गुडघे-कोपरं सैल आणि कंबर थोडी मागे. आणि पुढचा ब्रेक वळणात किंवा खडीवर गच्च दाबलास ना की चाक फिरायचं थांबतं आणि मग हँडलने काही वळत नाही, म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी कर, दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, हळूहळू. पुढचा वापरायचाच नाही असं मात्र करू नकोस, थांबवायची खरी ताकद त्यातच असते.

खारघरवाली: हवा किती भरतोस? टायरवर लिहिलेली मॅक्सिमम भरलीस तर खडीवर टणाटण उडणार. मी ५५ किलोची, ट्यूबवाल्या टायरात ३० पीएसआयच्या आसपास ठेवते. अजून कमी केलं की दगडावर ट्यूब चिमटते, पंक्चर.

घोडबंदरचा_नवखा: बापरे, दुकानदाराने ६० भरून दिलीये 🤦 आणि मी तर सारखा त्या दगडाकडेच बघत होतो.

चढउतार: मग दगडावरच जाणार रे, नजर जाते तिकडे सायकल जाते. चार-पाच मीटर पुढे बघ. आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून चालव आठवडाभर. पावसात शेवाळ्यावर नको हं.