वकील पेशीला आले नाहीत, कॉस्ट (तारीख वाढवल्याचा खर्च) आम्हाला लागली. ती त्यांच्याकडून वसूल होते का?

रामबागची सून
नमस्कार. रामबागेतलं घर सासऱ्यांच्या नावावर आहे. खालच्या दोन खोल्या भाडेकरूकडून सोडवायला इंदूरच्या जिल्हा कोर्टात दावा चालू आहे. गेल्या पेशीला सासऱ्यांची साक्ष होती. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले. रिक्षातून नेलं, धरून जिना चढवला. पुकारा झाला आणि आमचे वकीलच नाहीत! ज्युनियर फोनवर म्हणाला, सर हायकोर्टात अडकलेत. कोर्टाने तारीख दिली, पण दीड हजार कॉस्ट लावून आणि ‘शेवटची संधी’ असं लिहून. वकील आता म्हणतात, "भरून टाका, असं चालतंच."
सासरे एकच विचारतात, मी तर हजर होतो, मग भुर्दंड मला का? माझ्याकडे उत्तर नाही.

ग्वाल्हेरकर
सरळ ग्राहक मंचात जा. फी घेतली आणि काम केलं नाही, म्हणजे सेवेतली त्रुटीच.

निवृत्त रीडर, इंदूर
ग्वाल्हेरकर, तो रस्ता बंद झाला. 14 मे 2024 ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. निष्काळजीपणासाठी दिवाणी दावा करता येतो, पण दीड हजारासाठी कोण करणार?

सूनबाई, आधी कॉस्ट भरा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35-ब प्रमाणे ती पुढच्याच पेशीला द्यायची असते. न दिल्यास वादीला दावा पुढे चालवता येत नाही. त्या कलमात भरणारा म्हणून पक्षकारच धरलाय, म्हणून आदेश तुमच्या नावावर आला. कोर्टाचंही चुकलं नाही. वकील दुसऱ्या कोर्टात आहेत हे तारीख वाढवायला कारण होत नाही, असं त्याच संहितेच्या आदेश 17 मध्येच लिहिलंय.

पण सासऱ्यांचा प्रश्न रास्त आहे आणि सुप्रीम कोर्टाने तो ऐकलेला आहे. 1981 च्या रफीक विरुद्ध मुन्शीलाल मध्ये वकील गैरहजर राहिल्यामुळे अपील निकालात निघालं होतं. कोर्टाने ते पुन्हा उभं केलं आणि 200 रुपये खर्च गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितलं, कारण पक्षकाराने त्याच्या हातात होतं ते सगळं केलं होतं. 2000 साली रॅमन सर्व्हिसेसच्या निकालात वकील संपामुळे आले नव्हते. तिथेही कोर्टाचं म्हणणं हेच, की वकिलाच्या कसुरीची झळ एकट्या पक्षकाराने सोसणं अन्याय आहे.

तरी असे आदेश विरळाच. वकिलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याच्यावर खर्च टाकता येत नाही, आणि रोज त्याच वकीलमंडळींसमोर बसणारं कोर्ट सहसा तिथवर जात नाही. इतकी वर्षं कोर्टाचा रीडर म्हणून मी ऑर्डरशीट, म्हणजे प्रत्येक पेशीची कोर्टाची नोंद, लिहिल्या. सगळं एका ओळीवर ठरतं. ‘वादी हजर, वादीचे वकील अनुपस्थित’ असं लिहिलंय, की नुसतं ‘वादीने वेळ मागितला’? दुसरं असेल तर कागदावर दोष सासऱ्यांचाच. म्हणून ऑर्डरशीटच्या नकलेचा अर्ज आधी टाका.

रामबागची सून
काका, आजच नक्कल काढली. ‘वादी स्वयं उपस्थित, अधिवक्ता अनुपस्थित’ असं आहे. सासऱ्यांना वाचून दाखवलं. आता वकील बदलायचेत, पण आताचे वकील म्हणतात, उरलेली फी द्या मग फाईल न्या.

बडोद्याची वकील
ताई, फीसाठी फाईल अडवता येत नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 साली सुप्रीम कोर्टाने हे ठरवलंय, आणि ते प्रकरण तुमच्या मध्य प्रदेशातलंच. फाईल लेखी मागा, ऑर्डरशीटची नक्कल जोडा, आणि दीड हजार फीतून वळते करा असं त्याच पत्रात लिहा. पक्षकाराच्या हातातला हा सर्वांत सोपा मार्ग. बहुतेक वकील इथेच ऐकतात. नाही ऐकलं तर जबलपूरला राज्य बार कौन्सिलकडे (वकिलांना सनद देणारी संस्था) अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 35 खाली तक्रार करा. तिथे पैसे मिळतीलच असं नाही, पण सनद निलंबित होऊ शकते.

निवृत्त रीडर, इंदूर
पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. नव्या वकिलांचा वकालतनामा (तुमच्यातर्फे उभं राहण्याचं अधिकारपत्र) मात्र पेशीच्या आधीच लागू द्या. शेवटची संधी आहे, त्या दिवशी साक्ष झालीच पाहिजे.