सार्वजनिक धक्का खासगी चालकाला दीर्घ मुदतीने द्यावा का?

प्रश्न (कोल्हापूर)
माझे मेहुणे तळकोकणातल्या एका लहान बंदरातून पर्यटकांची होडी चालवतात. तिथल्या धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ साचले आहे, दोर बांधायच्या कड्या गंजल्या आहेत आणि ओहोटीला होडी गाळात रुतते. त्यामुळे तो धक्का खासगी चालकाला भाडेपट्ट्याने द्यावा, अशी चर्चा सुरू आहे. दुरुस्ती झाली तर आनंदच आहे. पण उद्या स्थानिक होड्यांनाच तिथे लागू दिले नाही, तर दाद कोणाकडे मागायची?

उत्तर १ (राजारामपुरी)
भाडेपट्टा की निव्वळ परवाना, हे आधी विचारा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडेपट्ट्यात जागेच्या उपभोगाचा हक्कच दुसऱ्याकडे जातो, तर परवान्यात केवळ वापराची मुभा मिळते. शिवाय बियास नदीकाठच्या हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये शासनाला नैसर्गिक संपत्तीचा विश्वस्त ठरवून तिथला भाडेपट्टा रद्द केला होता. माझ्या मते धक्क्यासाठी परवानाच योग्य, तोही थोड्या मुदतीचा.

उत्तर २ (इचलकरंजी)
थोड्या मुदतीवर गाळ काढण्याचा खर्च कोणी करणार नाही, हेही लक्षात घ्यावे. मुदत मोठी असेल, तर चालक बुडाल्यास काय, हे मात्र करारात हवेच. रायगड जिल्ह्यातले दिघी बंदर चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२१ मध्ये बंदर अदानी समूहाकडे आले. एवढ्या मोठ्या बंदराला नवा मालक मिळतो. होड्यांच्या धक्क्याला तो मिळेलच असे नाही, आणि तोवर होडीवाल्यांनी पोट कशावर भरायचे?

उत्तर ३ (गगनबावडा)
पावसाळ्याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात होड्या वर ओढून शाकारून ठेवाव्या लागतात. चालकाने तीच मोकळी जागा वाहनतळासाठी घेतली, तर धक्का चकचकीत होऊनही मच्छीमारांचा उपयोग संपेल. म्हणून ओढणीची वाट, शाकारणीची जागा आणि स्थानिक होड्यांचे दर करारात नकाशासह नोंदवायला लावावेत. मेहुण्यांनी निविदा निघण्यापूर्वीच महाराष्ट्र सागरी मंडळाकडे माहिती अधिकारात कराराचा मसुदा मागावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. सही झाल्यावर हरकती घेण्यापेक्षा हे कितीतरी सोपे पडेल.