लाकातों-वासाल या फ्रेंच वास्तुविशारद जोडीच्या कामात नेमकं काय बघू?

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 2021 चं प्रित्झ्कर (वास्तुकलेतलं मोठं पारितोषिक) यांना मिळालं, पण फोटोत तर साध्या काचा दिसतात.

> फ्रान्समधल्या बोर्दो शहरातली ग्रां पार्क ही वसाहत बघच! 1960 च्या दशकातल्या तीन इमारती, 530 घरं. एकही पाडली नाही. जुन्या खिडक्या काढून बाहेरून 3.8 मीटर खोल हिवाळी बाग (काचबंद, उन्हाने उबदार राहणारी जागा) आणि बाल्कनी जोडली. त्या साध्या काचा म्हणजे सरकती दारं. मागे ऊन-थंडी अडवणारे पडदे. फोटोपेक्षा प्लॅन बघ.

> काम चालू असताना रहिवासी कुठे होते?

> घरातच! तयार काँक्रीटचे भाग क्रेनने बाहेरून रचले. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. शिवाय बोर्दोतलाच लेओं ओकोक चौक, 1996: सुशोभीकरण सांगितलं होतं, यांनी खडी बदलणं, झाडांची निगा अशी साधी देखभालच सुचवली.